स्पॅनिशमधलं ‘ये’ आणि ‘येऊ नको’

मे महिन्यातली नागपूरची दुपार. घरातून कोणी बाहेर पडायला निघालं की आई सांगते : पाणी पिऊन जा, दुपट्टा बांध, उन्हात फिरू नको, दार उघडं ठेवू नको, पोचला की फोन करजो. पाच वाक्यं, पाचही हुकूम, आणि एकही उद्धट नाही. हे सगळं स्पॅनिशमध्ये म्हणता येणं म्हणजे ‘तू’चा आज्ञार्थ येणं. स्पॅनिश शिकणारे याला घाबरतात, कारण ते इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या वाटेनं जातात. मराठीची वाट धरली तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

कसं ते बघा. हिंदीत ‘जा’ आणि ‘मत जा’, दोन्हीकडे ‘जा’ तसाच राहतो. इंग्रजीतही क्रियापद हलत नाही, पुढे नकार लागला की झालं. मराठीत मात्र ‘जा’चं ‘जाऊ नको’ होतं, ‘ये’चं ‘येऊ नको’. नकार आला की क्रियापद आपलं रूप बदलतं. स्पॅनिशमध्येही तेच होतं. ‘बोल’ला ‘आब्ला’, पण ‘बोलू नको’ला ‘नो आब्लेस’. हिंदी-इंग्रजीच्या सवयीनं ‘नो आब्ला’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही कुणा तिसऱ्याबद्दल सांगताय, ‘तो बोलत नाही’. चूक एवढीशी दिसते, पण हुकूमच नाहीसा होतो. म्हणून आमचा आग्रह असा : होकार आणि नकार ही जोडी पहिल्या दिवसापासून सोबत पाठ करा. आधी सगळे होकार आणि मग कधीतरी नकार, असं करणारे वर्षभर ‘नो आब्ला’च म्हणत राहतात.

उच्चाराबद्दल थोडं. इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिलेत ते लॅटिन अमेरिकेच्या उच्चाराप्रमाणे. ‘त’ आणि ‘द’ दातांवरचेच आहेत, तिथे ‘ट’ आणि ‘ड’ चुकूनही आणू नका. मराठी जिभेला हे आयतं मिळालंय. ‘एच’ लिहितात पण म्हणत नाहीत. ‘बी’ आणि ‘व्ही’ दोन्ही ‘ब’सारखेच ऐकू येतात. ‘ख’ दिसला की तो ‘खडू’तला नाही, घसा खरवडून काढलेला हवेचा आवाज आहे. ‘र्र’ला जीभ चांगली थरथरवायची.

होकाराची कृती सोपी आहे. वर्तमानकाळातलं ‘तो’चं रूप घ्यायचं, तोच ‘तू’साठी हुकूम. ‘तो बोलतो’ म्हणजे ‘आब्ला’, ‘बोल’ म्हणजेही ‘आब्ला’. ‘कोमेर’, खाणे, याचं ‘कोमे’. ‘आब्रीर’, उघडणे, याचं ‘आब्रे’. ‘एस्क्रीबीर’, लिहिणे, याचं ‘एस्क्रीबे’. ज्या क्रियापदांचा मधला स्वर बदलतो तीही तशीच चालतात : ‘सेर्रार’, बंद करणे, याचं ‘स्येर्रा’, ‘बोल्बेर’, परत येणे, याचं ‘ब्वेल्बे’, ‘दोर्मीर’चं ‘द्वेर्मे’, ‘पेदीर’, मागणे, याचं ‘पीदे’. मग ‘स्येर्रा’ हे ‘तो बंद करतो’ आहे की ‘बंद कर’, हे कसं कळायचं? आवाजावरून आणि प्रसंगावरून. सुरुवातीला हुकमाच्या आधी नाव घ्या किंवा ‘ओये’, म्हणजे ‘ऐक’, म्हणा. हा ‘ओये’ स्वतःही आज्ञार्थच आहे, ‘ओईर’ या क्रियापदाचा.

आठ क्रियापदं या नियमात बसत नाहीत, आणि नेमकी तीच दिवसभर लागतात. ‘बेन’ म्हणजे ये, ‘बे’ म्हणजे जा, ‘साल’ म्हणजे बाहेर नीघ, ‘पोन’ म्हणजे ठेव किंवा घाल, ‘तेन’ म्हणजे घे, धर, ‘आस’ म्हणजे कर, ‘दी’ म्हणजे सांग, आणि ‘से’ म्हणजे हो, जसं ‘शहाणा हो’. आठही एका अक्षराची (अक्षर म्हणजे इथे एका स्वराचा तुकडा, ‘बेन’ हा एकच धरायचा). मराठीत ‘तू’चा हुकूम म्हणजे नुसता धातू : ये, जा, कर, ठेव, सांग. स्पॅनिशमध्ये फक्त या आठांची तशी छाटणी झाली. लॅटिनमध्ये ‘पोने’ होतं, वापरून वापरून शेवटचा स्वर झिजला आणि ‘पोन’ उरलं. जे नाणं जास्त हातांतून फिरतं तेच जास्त झिजतं.

यातला ‘बे’ नागपूरकरांच्या कानाला ओळखीचा वाटेल, पण इथे तो ‘काय बे’मधला नाही. वाक्याच्या शेवटी सवयीनं लावू नका, समोरच्याला ‘जा’ असं ऐकू जाईल. ‘बेर’, म्हणजे बघणे, याचा हुकूमही ‘बे’च होतो. पण ‘बघ’ म्हणायला बहुतेक वेळा ‘मीरा’ वापरतात, त्यामुळे घोटाळा क्वचितच होतो. ‘चालता हो’ किंवा ‘नीघ आता’ म्हणायचं तर ‘बेते’.

या आठांपैकी काहींच्या पोटातली क्रियापदंही तशीच छाटली जातात. ‘पोनेर’चं ‘पोन’, तर ‘प्रोपोनेर’, सुचवणे, याचं ‘प्रोपोन’. ‘तेनेर’चं ‘तेन’, तर ‘मान्तेनेर’, टिकवून ठेवणे, याचं ‘मान्तेन’. दोन्हींत जोर शेवटच्या अक्षरावर आणि लिहिताना त्या स्वरावर तिरपी रेघ.

आता नकार. यासाठी ‘तो’चं नव्हे, ‘मी’चं रूप घ्यायचं. पायऱ्या तीन : ‘मी’चं वर्तमानकाळी रूप म्हणा, शेवटचा ‘ओ’ काढा, आणि उलटं शेपूट लावा. ‘आर’वाल्या क्रियापदाला ‘एस’, ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांना ‘आस’. ‘आब्लो’, मी बोलतो, यावरून ‘नो आब्लेस’. ‘कोमो’वरून ‘नो कोमास’. ‘आब्रो’वरून ‘नो आब्रास’. ‘स्येर्रो’वरून ‘नो स्येर्रेस’. शेपूट उलटं का? कारण हे रूप घडलेल्या गोष्टीचं नाही. इच्छेचं, शंकेचं, अजून न झालेल्या गोष्टीचं आहे, आणि नुसत्या स्वराच्या बदलानं ते वेगळं ओळखू येतं. ‘मी’पासूनच निघायचं का? कारण ‘मी’च्या रूपात लपलेला ‘ग’ नकारातही येतो. ‘तेन्गो’वरून ‘नो तेन्गास’, ‘दीगो’वरून ‘नो दीगास’, ‘आगो’वरून ‘नो आगास’, ‘पोन्गो’वरून ‘नो पोन्गास’, ‘साल्गो’वरून ‘नो साल्गास’, ‘बेन्गो’वरून ‘नो बेन्गास’. बघा, होकारात त्रास देणाऱ्या आठांपैकी सहा जण नकारात सरळ नियमानं वागले. उरले दोन : ‘जाऊ नको’ म्हणजे ‘नो बायास’ आणि ‘होऊ नको’ म्हणजे ‘नो सेआस’.

ज्यांचं ‘मी’चं रूप ‘ओ’वर संपतच नाही, त्यांच्या बाबतीत काढायला ‘ओ’ नसतो. म्हणून तेवढीच पाठ करायची. ‘दोय’, ‘एस्तोय’, ‘बोय’, ‘सोय’ आणि ‘मला माहीत आहे’ या अर्थाचा ‘से’. त्यांचे नकार अनुक्रमे ‘नो देस’, ‘नो एस्तेस’, ‘नो बायास’, ‘नो सेआस’, ‘नो सेपास’. शेवटचा हुकूम म्हणून जवळजवळ लागतच नाही, बाकी चार रोजचे. ‘देणे’चा होकार ‘दा’. संस्कृतातला दा धातू आणि हा ‘दा’ एकाच मुळाचे आहेत, तेव्हा हा तरी विसरायचं कारण नाही.

लिहिताना एक अडचण येते, बोलताना येत नाही. ‘तोका’, म्हणजे हात लाव किंवा वाजव, याचा नकार ‘नो तोकेस’. कानाला ‘क’ तसाच. पण स्पॅनिशमध्ये ‘सी’ अक्षरापुढे ‘ए’ आला की त्याचा उच्चार ‘स’ होतो, म्हणून ‘क’ टिकवायला तिथे ‘क्यू’ आणि ‘यू’ लिहितात. ‘येगा’, पोच, याचा नकार ‘नो येगेस’. तिथे ‘जी’नंतर एक मुका ‘यू’ घालायचा, नाहीतर ‘ग’चा घशातला ‘ख’ होतो. ‘क्रूसा’, ओलांड, याचं ‘नो क्रूसेस’. इथे ‘झेड’ जाऊन ‘सी’ येतो. म्हणजे आवाज राखण्यासाठी अक्षर बदलतं. वहीत आधी मोठ्यानं म्हणा, मग लिहा, चुका आपोआप कमी होतील.

पुढची पायरी म्हणजे ‘मला दे’, ‘ते घे’, ‘तिला सांग’ यातले छोटे शब्द. इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात. त्यामुळे हातात एक संत्रं घ्या, अंबिया बहारातलं असो की मृगाचं. पण आधी नावाचा उलगडा : आपलं सुट्या सालीचं नागपुरी संत्रं स्पॅनिशमध्ये ‘मान्दारीना’. ‘नारान्खा’ म्हणजे घट्ट सालीचं ते दुसरं फळ. तो शब्द आपल्याच ‘नारंग’चा, फारसी-अरबीतून फिरून स्पेनला पोचलेला. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती’ला ‘ला’ लागेल.

‘पेला ला मान्दारीना’ : संत्रं सोल. संत्रं हातात दिसतंच आहे, तेव्हा नाव गाळून ‘ते सोल’ म्हणू : ‘पेलाला’. ‘ला’ मागे चिकटला, एकच शब्द झाला. आता नकार : ‘नो ला पेलेस’. ‘ला’ सुटून पुढे आला, ‘नो’ आणि क्रियापद यांच्या मध्ये बसला. नियम एवढाच : होकारात मागे आणि चिकटून, नकारात पुढे आणि सुटा. सोलून झालं, आता फोड मागू : ‘दामे ऊन गाखो’, मला एक फोड दे. ‘गाखो’ म्हणजे फोड. अख्खं संत्रंच हवं असेल तर ‘दामेला’, ते मला दे. आधी ‘मला’, मग ‘ते’, हा क्रम कधी बदलत नाही. नको असेल तर ‘नो मे ला देस’. बिया आहेतच, तर ‘कीता लास सेमीयास’, बिया काढ. ‘कीतालास’, त्या काढ. साल रस्त्यावर पडू नये म्हणून ‘नो तीरेस ला कास्कारा आल स्वेलो’, साल खाली टाकू नको. ‘नो ला तीरेस’, ती टाकू नको. एक संत्रं संपेपर्यंत अख्खा धडा होतो. हे वाचून जाऊ नका. खरंच संत्रं घ्या आणि मोठ्यानं म्हणत सोला. हाताच्या हालचालीला शब्द चिकटतो तो सुटत नाही.

जोर कुठे द्यायचा? मागे शब्द चिकटला तरी मूळ हुकमाचा जोर हलत नाही. ‘पेला’त जोर ‘पे’वर, ‘पेलाला’तही ‘पे’वरच. शेवटून तिसऱ्या अक्षरावर जोर पडला की लिहिताना त्या स्वरावर तिरपी रेघ द्यावीच लागते. म्हणून ‘पेलाला’, ‘दामेला’, ‘कीतालास’ यांना रेघ आहे, आणि ‘दीमे’, मला सांग, किंवा ‘आस्लो’, ते कर, यांना नाही. मराठी माणूस सगळी अक्षरं सारख्याच वजनानं म्हणतो, म्हणून ‘दामेला’ सपाट निघतं आणि समोरच्याला शब्द तुटक वाटतो. सरावात पहिल्या आठवड्यात जोराच्या अक्षरावर बोटानं टेबलावर टकटक करा.

‘त्याला’ आणि ‘ते’ एकत्र आले की ‘त्याला’चा ‘ले’ बदलून ‘से’ होतो. ‘ते त्याला सांग’ म्हणजे ‘दीसेलो’, आणि ‘सांगू नको’ म्हणजे ‘नो से लो दीगास’. ‘दीलेलो’ म्हणू नका, असं कोणी म्हणत नाही.

स्वतःच्या अंगावर होणाऱ्या कामांना स्पॅनिश ‘ते’, म्हणजे ‘तुला’, लागतो. ‘स्येन्ताते’, बस, ‘नो ते स्येन्तेस’, बसू नको. ‘पोन्ते ला गोर्रा’, टोपी घाल. आणि ‘लाबाते लास मानोस’, हात धू. यात ‘तुझे’ कुठेच नाही, फक्त ‘हात’. आपणही ‘तुझे हात धू’ म्हणत नाही, ‘हात धू’ म्हणतो. इंग्रजीतून येणारे इथे हमखास ‘तुझे’ घुसवतात, तुम्ही घुसवू नका.

सुरुवातीची ती मे महिन्यातली आई आता स्पॅनिशमध्ये ऐका. ‘बेबे आग्वा. पोन्ते ला गोर्रा. नो साल्गास आल सोल. नो देखेस ला प्वेर्ता आब्येर्ता. यामामे क्वान्दो येगेस.’ दुपट्ट्याऐवजी टोपी घेतली, कारण वाक्य सोपं राहतं. शेवटचं वाक्य म्हणजे ‘पोचला की फोन करजो’. आपल्या बोलीतला तो ‘-जो’, नंतर करायच्या कामाचा, स्पॅनिशमध्ये वेगळा नाही. ‘आत्ता कर’ आणि ‘उद्या करजो’ दोन्हींना एकच हुकूम. पण ‘क्वान्दो येगेस’मधला ‘येगेस’ ओळखा : तो ‘नो येगेस’वालाच आहे. अजून न पोचलेल्याचं पोचणं, म्हणून तेच रूप. नकार नीट शिकलात की पुढच्या कितीतरी वाक्यांची किल्ली हाती येते.

हे कुणाला म्हणायचं? मित्र, भावंडं, लहान मुलं, वर्गातले सोबती यांना बिनधास्त. मराठीत आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो, स्पेनमध्येही आईवडिलांना आणि देवाला ‘तू’च. वयस्कर अनोळखी माणसाला, सरकारी कचेरीत किंवा मित्राच्या आजीला मात्र ‘उस्तेद’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’, आणि त्याचा हुकूम वेगळा : ‘आब्ले’, बोला, ‘स्येन्तेसे’, बसा. कोलंबियात तर घरातही ‘उस्तेद’ चालतो. हॉटेलात कॉफी मागण्याचंच घ्या. स्पेनमध्ये ‘पोन्मे ऊन काफे’ सहज चालतं, मेक्सिकोत तेच जरा खडूस वाटतं. शंका असली तर हुकूम सोडा आणि प्रश्न करा : ‘मे पासास ला साल?’, मीठ देतोस का? आपला ‘जरा’ आणि ‘ना’ जे काम करतात ते तिथे असा प्रश्न करतो, किंवा शेवटचा ‘पोर फाबोर’. मित्रांत त्याचंच छोटं ‘पोर्फा’.

एक इशारा. पुस्तकांत ‘घे, पकड’साठी ‘कोखेर’ दिसेल, आणि स्पेनमध्ये ‘बस पकड’ म्हणायला तो रोज वापरतात. मेक्सिको, अर्जेंटिना अशा देशांत तो शब्द अश्लील आहे. सगळीकडे चालेल असा ‘तोमा’ शिका. दुसरं, पाट्यांवरची भाषा बोलण्यात आणू नका. आपल्याकडे पाटीवर ‘वाहने उभी करू नये’ असतं, तसं तिथे ‘नो फूमार’, धूम्रपान करू नये. मित्राला सांगताना ‘नो फूमेस’.

सरावासाठी एक वही करा, प्रत्येक क्रियापदाला चार चौकटी : कर, करू नको, ते कर, ते करू नको. ‘आब्रीर’ची चौकट अशी भरेल : ‘आब्रे’, ‘नो आब्रास’, ‘आब्रेला’, ‘नो ला आब्रास’. क्रियापदं वीस पुरेत, वरची आठ आणि ही बारा : बोलणे, बघणे, ऐकणे, खाणे, पिणे, उघडणे, बंद करणे, परत येणे, झोपणे, मागणे, हात लावणे, पोचणे. आठवड्याला पाच, म्हणजे चार आठवडे. येणे, जाणे, बाहेर निघणे, होणे, परत येणे, झोपणे, पोचणे यांच्या शेवटच्या दोन चौकटी रिकाम्या राहतील, ते ठीक आहे. रोज पंधरा मिनिटं : पाच मिनिटं मोठ्यानं वाचन, दहा मिनिटं कुणाकडून तरी मराठीत हुकूम ऐकून स्पॅनिशमध्ये दोन सेकंदांत उत्तर. दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ते क्रियापद दुसऱ्या दिवशी परत. आधी नियम आठवून मग बोलायचं, असं होत असेल तर रूप अजून पाठ नाही.

रस्ता सांगणं हा याहून चांगला सराव, आणि नागपूरची मेट्रो त्यासाठी फार सोयीची. खापरीहून शंकर नगरला येणाऱ्या मैत्रिणीला सांगा : ‘तोमा ला लीनेआ नारान्खा. बाखा एन सीताबर्डी. नो साल्गास दे ला एस्तास्योन. काम्ब्या आ ला ओत्रा लीनेआ. बाखा एन शंकर नगर. साल इ क्रूसा ला काये कोन क्विदादो.’ ऑरेंज लाइन घे, सीताबर्डीला उतर, स्टेशनबाहेर पडू नको, दुसऱ्या लाइनवर बदल, शंकर नगरला उतर, बाहेर पड आणि जपून रस्ता ओलांड. ‘साल’ आणि ‘नो साल्गास’ एकाच वाटेवर भेटले. उद्या हीच वाट उलटी सांगा, परवा तुमच्या घरापासूनची.

आणि ऐकताना गोंधळ होऊ नये म्हणून : मेस्सीच्या अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ वापरतात आणि जोर शेवटी जातो. ‘बेन’ऐवजी ‘बेनी’, ‘आब्ला’तला जोर ‘ब्ला’वर, ‘बे’ऐवजी ‘आन्दा’ आणि तोही ‘दा’वर जोर देऊन. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला ‘आब्लाद’, ‘कोमेद’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत त्याच घोळक्याला ‘आब्लेन’, ‘कोमान’. यातलं काहीही चूक नाही, पण एका वहीत मिसळलं तर तोंडी खिचडी होते. वहीच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात देशाचं नाव लिहा, आणि त्या देशाबाहेरचं रूप ऐकलं तर ते मागच्या पानावर टिपा.